खोल समुद्रातील तेलविहिरीची झडप : रचना, इतिहास आणि बोध

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी महाराष्ट्र व तेलंगणा ओलांडून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते, हे आपण सर्वांनी भूगोलाच्या पुस्तकात वाचले आहे. तिच्या मुखासमोरील समुद्रात नैसर्गिक वायूच्या विहिरी आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. २००९ साली तेथील खोल समुद्रातला वायू प्रथम किनाऱ्यास लागला. २०२० च्या डिसेंबरात तर दोन हजार मीटरहून अधिक खोल पाण्याखालील विहिरींतून उत्पादन सुरू झाले. इतक्या खोलीवर सूर्याचा किरण पोहोचत नाही, पाणी अतिशय थंड असते आणि पाणबुड्याला तेथे उतरून काम करणे शक्य नसते. तरीही त्या विहिरीचे तोंड दूर बसलेल्या माणसाच्या आज्ञेने उघडते व मिटते. हे ज्या वस्तूमुळे घडते तिला शास्त्राच्या भाषेत झडप आणि रोजच्या बोलीत व्हॉल्व्ह म्हणतात.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु इतिहास केवळ राजांचा व लढायांचा नसतो. ज्या वस्तूंवर कामगारांचे प्राण अवलंबून असतात त्यांचाही इतिहास असतो आणि तो बहुधा अपघातांच्या तारखांनी लिहिलेला असतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कित्येक मुले आयटीआय, तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांतून शिकून आज यंत्रांच्या सान्निध्यात उपजीविका करीत आहेत. त्यांच्यासाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि आज वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा अभ्यासलेख आहे.

१. झडपेचे काम

झडप ही वस्तू आपल्या परिचयाची आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा आत जाऊ देणारी पण बाहेर न सोडणारी झडप असते. शेतातील विहिरीवर पंप बसविला की नळाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह लावतात. तो नसेल तर पंप थांबताच नळातले पाणी खाली उतरते. प्रेशर कुकरची शिट्टी जादा वाफ सोडते, आणि शिट्टी तुंबली तर झाकणावरील सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफेला वाट करून देतो. आपल्या हृदयातही चार झडपा असून त्या रक्ताला उलट फिरू देत नाहीत.

यावरून झडपेची कामे ध्यानात येतात. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणे, जादा दाब सोडणे, प्रवाह पूर्ण अडविणे आणि प्रवाहाचे प्रमाण ठरविणे ही ती कामे होत. तेलविहिरीवर ही चारही कामे करावी लागतात. मात्र पाण्याची विहीर आणि तेलाची विहीर यांत मोठा फरक आहे. पाण्याच्या विहिरीत श्रम पडतात ते पाणी वर आणण्यासाठी. नव्या तेलविहिरीत श्रम पडतात ते तेल थोपविण्यासाठी.

२. दाबाचा हिशेब

तेल व वायू भूगर्भात तळ्यासारखे साचलेले नसतात. वाळूच्या खडकांतील किंवा चुनखडीतील सूक्ष्म छिद्रांत ते भरलेले असतात आणि त्यांच्यावर कित्येक किलोमीटर जाडीचे थर असतात. त्यामुळे ते प्रचंड दाबाखाली असतात. खोदकाम करणाऱ्याने या साठ्याला भोक पाडले की त्यातील द्रव्य वर धाव घेते. खोदताना विहिरीत जड चिखल भरून ठेवतात. त्या चिखलाच्या स्तंभाचे वजन खालच्या दाबाला तोलून धरते. हा तोल ढळला की उद्रेक होतो.

१० जानेवारी १९०१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, स्पिंडलटॉप येथे असा उद्रेक झाला. दिवसाला सुमारे एक लाख पिंपे या वेगाने तेल आकाशात उडत राहिले आणि विहिरीच्या तोंडावर झडप बसवून ते आवरण्यास नऊ दिवस लागले. त्या काळी अशा कारंज्याला समृद्धीचे चिन्ह मानीत. त्यात माणसे जळत व जमीन नासत असे, याची गणना फारसे कोणी करीत नसे. १९२२ साली त्याच राज्यातील जेम्स अॅबरक्रॉम्बी व हॅरी कॅमेरॉन यांनी विहिरीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी पोलादी ठोकळे पुढे सरकवून ते बंद करणारे यंत्र सिद्ध केले. त्यालाच पुढे ब्लो-आउट प्रिव्हेंटर, म्हणजे उद्रेकरोधक, असे नाव मिळाले. तेलधंद्याच्या इतिहासात या यंत्राचे स्थान मोठे आहे, आणि पुढे त्याच्या एका उणिवेचाही विचार आपणांस करावयाचा आहे.

आता आकडे पाहू. तेलविहिरीच्या झडपा ५,०००, १०,००० व १५,००० पौंड प्रति चौरस इंच अशा दाबांसाठी बनविल्या जातात. मोटारीच्या चाकात सुमारे ३० पौंड दाब असतो. म्हणजे यांपैकी सर्वांत बळकट झडपेला चाकातील दाबाच्या पाचशेपट दाब सोसावा लागतो. मार्गाचा व्यास १३ सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर येते. १०,००० पौंडांच्या दाबाला त्या लहानशा वर्तुळावर पडणारा भार सुमारे ९३ टन होतो. दहा भरलेल्या ट्रकांच्या मालाएवढा हा भार हाताच्या पंजाएवढ्या जागेवर पेलायचा असतो, आणि तो पेलीत असताना दार सरकवायचेही असते.

३. एकामागोमाग एक दारे

मुंबई हाय तेलक्षेत्रात समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. तेथे समुद्रतळावर पाय रोवून प्लॅटफॉर्म उभे करता येतात आणि बहुतेक विहिरींची तोंडे पाण्याबाहेर, प्लॅटफॉर्मवर आणता येतात. झडप नादुरुस्त झाली तर कामगार पाना घेऊन तिच्याजवळ जाऊ शकतो. पाणी शेकडो मीटर खोल झाले की असा प्लॅटफॉर्म बांधणे परवडत नाही, आणि आणखी खोल गेले की शक्यही होत नाही. मग विहिरीचे तोंड समुद्रतळावरच ठेवावे लागते. १९६१ साली मेक्सिकोच्या आखातात शेल कंपनीने अशा प्रकारच्या पहिल्या विहिरींपैकी एक पूर्ण केली. तेथे पाणी अवघे १७ मीटर होते. दोन हजार मीटरपर्यंतची वाटचाल ही त्यानंतरच्या साठ वर्षांची आहे.

विहिरीच्या तोंडावर झडपांचा जो संच बसवितात त्यास ख्रिसमस ट्री म्हणतात. जमिनीवरील विहिरीवर त्याच्या फांद्या व चाके नाताळच्या झाडासारखी दिसतात, यावरून हे नाव पडले. खालून वर येणाऱ्या तेलाच्या वाटेतील दारे अशी असतात. पहिले दार समुद्रतळाच्याही खाली, उत्पादन नळीच्या पोटातच बसविलेले असते; ती भूमिगत सुरक्षा झडप होय. दुसरे दार ख्रिसमस ट्रीच्या मुख्य मार्गात असते, त्यास मास्टर व्हॉल्व्ह म्हणतात. तेथून मार्ग बाजूला वळतो त्या फांदीवर विंग व्हॉल्व्ह असतो. त्यानंतर येतो चोक, तो प्रवाहाचे प्रमाण ठरवितो. याशिवाय उत्पादन नळी व तिच्या बाहेरील पोलादी नळ यांच्यामधील पोकळीसाठी स्वतंत्र झडपा असतात.

एका वाटेवर इतकी दारे कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. याचे कारण असे की विहिरीतील द्रव्य आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये कोणत्याही क्षणी किमान दोन स्वतंत्र अडथळे असावेत, हा या धंद्यातील मान्य नियम आहे. स्वतंत्र या शब्दाला येथे फार महत्त्व आहे. एकाच कारणाने दोन्ही अडथळे निकामी होत असतील, तर ते मोजणीत दोन आणि प्रत्यक्षात एकच ठरतात.

४. फाटकाची घडण

मास्टर व विंग या झडपा बहुधा फाटक-झडपा असतात. नळकाम करणारे कारागीर त्यांना गेट व्हॉल्व्ह म्हणतात. पोलादाची एक जाड पाटी असते व तिच्या एका भागात नळाच्या व्यासाएवढे गोल भोक असते. पाटीच्या दोन्ही बाजूंस पोलादी कडी असतात. त्यांना बैठक म्हणतात. भोक नळासमोर आले की मार्ग मोकळा होतो आणि पाटीचा भरीव भाग समोर आला की मार्ग बंद होतो.

या रचनेत दोन गुण आहेत. पहिला असा की झडप उघडी असताना आतील मार्ग नळासारखाच सरळ व गुळगुळीत राहतो, त्यामुळे त्यातून दुरुस्तीची हत्यारे खाली सोडता येतात. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. झडप बंद असताना विहिरीचा दाबच पाटीला पलीकडच्या बैठकीवर आवळून धरतो. दाब जितका वाढेल तितकी ती घट्ट बसते. ज्या शक्तीला अडवायचे तिलाच कामास जुंपणे, हे या घडणीचे मर्म होय.

परंतु त्यामुळेच पाटी सरकविणे अवघड होते. नव्वद टनांच्या भाराने आवळलेली पाटी ओढायची, तर घर्षण भाराच्या एक दशांश धरले तरी नऊ टनांहून अधिक जोर लागतो. म्हणून पाटी व बैठक यांवर टंगस्टन कार्बाइडसारख्या अतिशय कठीण द्रव्याचा लेप देऊन त्यांना घासूनपुसून आरशासारखे सपाट करतात. रबर उष्णतेने व वायूने खराब होते, म्हणून मोक्याच्या जागी धातूवर धातू बसवून गळती रोखतात. तेलाबरोबर येणारी वाळू धातू झिजविते, हायड्रोजन सल्फाइड वायू कणखर पोलादाला तडे पाडतो आणि बाहेरून खारे पाणी गंज चढविते. या प्रत्येक शत्रूसाठी धातूची निवड वेगळी करावी लागते. एकदा समुद्रतळावर बसविलेली झडप वीस-पंचवीस वर्षे चालावी अशी अपेक्षा असते, कारण ती वर काढून आणण्याचा खर्च झडपेच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

५. सर्व काही बिघडले तर?

आता आपण विषयाच्या गाभ्याशी आलो. ही झडप उघडते कशी? तिच्या डोक्यावर एक दट्ट्या असतो. हायड्रॉलिक द्रवाचा दाब दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या पाटीला सरकवितो आणि झडप उघडते. उघडताना एक दणकट स्प्रिंग दाबली जाते. जोवर द्रवाचा दाब कायम आहे तोवर स्प्रिंग दबलेली राहते आणि झडप उघडी राहते. दाब गेला, मग तो आज्ञेने जावो, नळी तुटल्याने जावो वा पंप बंद पडल्याने जावो, की स्प्रिंग उसळते आणि पाटी मिटते. विहिरीचा दाबही दांड्यावर रेटा देऊन तिला साह्य करतो.

म्हणजे या झडपेची मूळ वृत्ती मिटण्याची आहे. तिला उघडे ठेवण्यासाठी सतत प्रयत्न करावा लागतो. मिटण्यासाठी कोणाच्याही प्रयत्नाची गरज नाही.

हे तत्त्व तेलधंद्याने प्रथम शोधलेले नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९ च्या पहिल्या रेल्वे-ब्रेकमध्ये हवेचा दाब दिला की ब्रेक लागत असे. नळी फुटली तर ब्रेकच उरत नसे. पुढे काही वर्षांतच त्यांनी रचना उलटी केली. हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतील आणि दाब गेला की ते लागतील अशी योजना त्यांनी केली. आज आगगाडीत साखळी ओढली की गाडी थांबते ती याच तत्त्वावर. डबे तुटून वेगळे झाले तरी ते आपोआप थांबतात. एका उलटापालटीने असंख्य प्रवाशांचे प्राण वाचले.

समुद्रात हे तत्त्व अमलात आणणे मात्र सोपे नाही. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एक वातावरण वाढतो. दोन हजार मीटरवर तो दोनशे वातावरणांइतका असतो. नळी तुटली तर हाच दाब झडपेच्या दट्ट्यावर चालून येतो आणि ती मिटण्याऐवजी उघडीच राहण्याचा धोका उद्भवतो. यावर उपाय असा की स्प्रिंगच्या कप्प्यात तेल भरून तो एका लवचिक पिशवीने बाहेरच्या समुद्राशी जोडतात. त्यामुळे समुद्राचा दाब दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच पडतो, परस्परांना तोलतो, आणि स्प्रिंग आपले काम करण्यास मोकळी होते.

भूमिगत सुरक्षा झडपेत हीच अडचण अधिक बिकट होते. तिच्यात पाटीऐवजी बिजागरीवरचे एक गोल झाकण असते. वरून द्रवाचा दाब दिला की एक नळकांडे खाली सरकून झाकण उघडे धरते. दाब गेला की स्प्रिंग नळकांड्याला वर उचलते, झाकण पडते आणि खालून येणारा प्रवाहच त्याला घट्ट मिटवितो. पण वरपासून तिथपर्यंत येणाऱ्या बारीक नळीत द्रवाचा शेकडो, कधी हजारो मीटर उंचीचा स्तंभ उभा असतो. पंप बंद केला तरी त्या स्तंभाचे वजन नळकांड्यावर राहतेच. ते वजन उचलून धरील अशी स्प्रिंग हवी. नसता तोल साधण्यासाठी दुसरी नळी किंवा दाबलेल्या नायट्रोजनचा कप्पा द्यावा लागतो. झडप किती खोल बसवायची, हे म्हणूनच तिच्या स्प्रिंगच्या बळावर ठरते.

६. चोक : न मिटणारी झडप

वाचकांस वाटेल की प्रत्येक झडप अशी मिटणारीच असावी. तसे नाही. चोक ही प्रवाहाचे प्रमाण ठरविणारी झडप होय. तिच्यात अनेक छिद्रे असलेला कठीण धातूचा पिंजरा असतो आणि त्यावरून सरकणारे टोपण काही छिद्रे झाकते, काही उघडते. तिचे टोपण हायड्रॉलिक झटक्यांनी एकेक पायरी पुढे वा मागे सरकते. नियंत्रण तुटले तर चोक मिटत नाही, उघडतही नाही. आहे त्या जागी थांबतो. विहीर बंद करणे हे त्याचे कामच नव्हे, ते मास्टर व विंग झडपांचे काम आहे. तो एकाएकी हलला तर नळांतील दाब बिघडून नवेच संकट उभे राहील.

याउलट फाटक-झडप अर्धवट उघडी ठेवून प्रवाह कमी करण्याचा मोह कधी धरू नये. अरुंद फटीतून वाळूसह वेगाने जाणारा झोत पाटी व बैठक कापीत जातो आणि गरजेच्या वेळी ती झडप गळते. प्रत्येकाने आपले काम करावे व दुसऱ्याचे काम त्याच्यावर लादू नये, हा नियम यंत्रांनाही लागू आहे.

७. जेथे हात पोहोचत नाही

वरच्या नियंत्रणकक्षापासून समुद्रतळापर्यंत जी जाड दोरी जाते तिला अंबिलिकल म्हणतात. हा शब्द गर्भनाळेवरून आला आहे. तिच्या पोटात हायड्रॉलिक द्रवाच्या नळ्या, विजेच्या व संदेशांच्या तारा आणि रसायनांच्या नळ्या एकत्र असतात. ख्रिसमस ट्रीवरील नियंत्रणपेटीत लहान सोलेनॉइड झडपा असतात. त्या विजेच्या संदेशाने हायड्रॉलिक दाब मोठ्या झडपांकडे सोडतात किंवा तोडतात. सर्व उपाय थकले तर दूरनियंत्रित यंत्रमानव खाली सोडतात. तो आपल्या यांत्रिक हाताने झडपेचा दांडा फिरवू शकतो. निरनिराळ्या कारखान्यांच्या झडपांना एकच हत्यार बसावे म्हणून त्या दांड्याच्या खोबणीचे माप आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरवून दिलेले आहे.

रसायनांची नळी कशासाठी? खोल समुद्रातील थंडीत व दाबाखाली पाणी आणि वायू एकत्र येऊन बर्फासारखा घन पदार्थ बनतो; त्यास हायड्रेट म्हणतात. तो नळ तुंबवितो आणि झडपा अडवितो. म्हणून मिथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडावे लागते.

८. तीन दुर्घटना

येथवर झडपेचे गुण सांगितले. आता इतिहासाच्या शिक्षकाला त्याचे कर्तव्य करू द्यावे.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला. एका पंपावरील दाबमोचक झडप तपासणीसाठी काढलेली होती आणि तिच्या जागी केवळ एक झाकण लावलेले होते. हा पंप चालवू नये, ही गोष्ट रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोहोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप सुरू केला आणि झाकणाच्या सांध्यातून वायू बाहेर पडला. पुढे आगीच्या झळीने इतर प्लॅटफॉर्मांकडून येणारे उच्च दाबाचे वायुनळ फुटले. एकंदर १६७ माणसे मृत्युमुखी पडली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या. प्लॅटफॉर्मकडे येणारे नळ मोक्याच्या जागी अडविता आले पाहिजेत, याकडे त्यानंतर सर्वांचे लक्ष वेधले गेले आणि समुद्रतळावर अलगावाच्या झडपा बसविण्यास चालना मिळाली.

दुसरी दुर्घटना आपल्याच दारची आहे. २६ जुलै २००५ चा मुंबईचा महापूर कोणी विसरलेले नाही. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय उत्तर क्षेत्रातील प्लॅटफॉर्मवर आग लागली. एका जखमी कामगाराला उतरवून देण्यासाठी जवळ आलेली 'समुद्र सुरक्षा' ही नौका खवळलेल्या समुद्रात समुद्रतळावरून वर येणाऱ्या वायुनळावर आदळली. नळ फुटला, वायू पेटला आणि दोन तासांच्या आसपास तो प्लॅटफॉर्म उद्ध्वस्त झाला. ३८४ जणांपैकी ३६२ जणांना वाचविण्यात आले. २२ जण गेले. येथे झडपेच्या जागेचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते कळते. समुद्रतळावरून वर चढणाऱ्या नळाची झडप प्लॅटफॉर्मवर असेल आणि नळ तिच्या खालीच फुटला, तर ती झडप कितीही घट्ट मिटली तरी फुटीच्या मागे नळात भरलेला वायू बाहेर पडणारच. झडप उत्तम असून भागत नाही. ती धोक्याच्या पलीकडे असावी लागते.

तिसरी दुर्घटना २० एप्रिल २०१० ची, मेक्सिकोच्या आखातातील मकोंडो विहिरीची. तेथे पाणी सुमारे १,५०० मीटर खोल होते. डीपवॉटर होरायझन या रिगवरील ११ कामगार मरण पावले आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. अमेरिकन न्यायालयाच्या निर्णयानुसार समुद्रात मिसळलेले तेल ३१.९ लाख पिंपे होते. समुद्रतळावर उद्रेकरोधक उभा होता. नळ कापून विहीर मिटविणारी पोलादी पातीही त्यात होती. परंतु खोदकामाचा नळ वाकून मध्यापासून ढळला होता. तो पात्यांमध्ये अडकला आणि विहीर मिटली नाही. उद्रेकरोधकाच्या दोन नियंत्रणपेट्यांपैकी एकीत तारांची जोडणी चुकल्यामुळे बॅटरी उतरली होती आणि दुसरीतील एका सोलेनॉइडची जोडणीही चुकलेली होती, असे अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या तपासात पुढे आले. मे महिन्यात विहिरीवर घालण्यासाठी नेलेला पोलादी घुमट हायड्रेट साचून तुंबला. अखेर १५ जुलै रोजी नव्या टोपीच्या झडपा दाबावर लक्ष ठेवीत मिटविल्यावर प्रवाह थांबला.

येथे आपण आधी राखून ठेवलेली उणीव पाहावी. उत्पादनाच्या झडपेला उघडे राहण्यासाठी शक्ती लागते. उद्रेकरोधकाला मिटण्यासाठी शक्ती लागते. संकटाच्या क्षणी आज्ञा पोहोचली पाहिजे, बॅटरीत वीज असली पाहिजे, साठवलेला दाब पुरला पाहिजे आणि नळ नीट मध्यभागी असला पाहिजे. त्याने हे सर्व एकाच वेळी व्हावे लागते, आणि संकटाचा स्वभावच असा की त्या क्षणी यांपैकी काहीतरी हटकून चुकते.

९. बोध

या अभ्यासातून आम्हांस जे उमगले ते थोडक्यात सांगतो. समुद्रतळावरील झडपेचे सारे शास्त्र एका प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवण्यासाठी आहे. वीज गेली, दोरी तुटली, माणूस पळाला किंवा मेला, तर ही वस्तू कोणत्या स्थितीत राहील? या प्रश्नाचे उत्तर संकटाच्या वेळी शोधता येत नाही. ते स्प्रिंगमध्ये, पाटीच्या दिशेत आणि झडपेच्या जागेत अगोदरच घडवून ठेवावे लागते. सुरक्षितता कोणाच्या दक्षतेच्या भरवशावर सोडू नये. ती रचनेत असावी.

परंतु केवळ रचनेवरही सर्व भार टाकता येत नाही. पायपर अल्फावर झडप काढलेली आहे, ही माहिती एका पाळीकडून दुसऱ्या पाळीला मिळाली नाही. मकोंडोच्या तारा चुकीच्या जोडलेल्या होत्या आणि त्या वेळेवर कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. स्प्रिंग प्रामाणिक असते. पण ती ठराविक मुदतीने मिटवून पाहणारा, गळती मोजणारा आणि खरा आकडा वहीत लिहिणारा माणूसही प्रामाणिक लागतो. त्याला तो आकडा वरिष्ठांसमोर सांगता आला पाहिजे. उत्पादन थांबल्याने होणारे नुकसान दर तासाला मोजले जाते. टळलेल्या अपघाताचा हिशेब कोणत्याच वहीत येत नाही. म्हणून काम थांबवा असे म्हणण्याचा अधिकार कनिष्ठात कनिष्ठ कामगाराला असला पाहिजे, आणि तो अधिकार वापरण्याइतके ज्ञानही त्याच्यापाशी असले पाहिजे.

आपल्या मुलांनी यंत्रे चालवावीत, एवढीच अपेक्षा आता पुरेशी नाही. हे यंत्र बिघडले तर काय होईल, ती झडप कोठे आहे, ती शेवटची केव्हा तपासली, हे विचारण्याची सवय त्यांना शाळेतच लागली पाहिजे. प्रश्न विचारणारा कामगार स्वतःबरोबर आपल्या सोबत्यांचेही प्राण राखतो. शाळेने विद्यार्थ्यास देण्याजोगी याहून मोलाची शिदोरी आम्हांस दिसत नाही.

विद्यार्थ्यांनी विचार करावयाचे प्रश्न

१. आपल्या घरातील व शेतातील पाच झडपांची यादी करा. प्रत्येक झडप प्रवाह अडविते, सोडते, एका दिशेस जाऊ देते की त्याचे प्रमाण ठरविते, ते लिहा.

२. १५ सेंटिमीटर व्यासाच्या मार्गावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३५० किलोग्रॅम दाब असेल, तर बंद पाटीवर किती टन भार येईल?

३. आगगाडीचा ब्रेक आणि समुद्रतळावरील फाटक-झडप यांतील साम्य सांगा. उद्रेकरोधक या दोहोंपेक्षा वेगळा कसा?

४. चोक मिटण्याऐवजी आहे त्या जागी का थांबतो?

५. आपल्या वसतिगृहात वीज अचानक गेली, तर कोणती वस्तू सुरक्षित स्थितीत राहील व कोणती धोकादायक ठरेल? पाहणी करून वर्गात सांगा.